पहिलं मल्टिलेव्हल मॉडेल? आधी ब्रम्स

पुणे जिल्ह्यातला शाळांचा डेटा हाताशी असेल, म्हणजे मुलं शाळांत आणि शाळा जुन्नर, मुळशी, बारामती अशा तालुक्यांत, तर अशा थरांत रचलेल्या डेटाच्या बेजियन मल्टिलेव्हल मॉडेलसाठी सरळ आर या संगणकभाषेतलं ब्रम्स (brms) हे पॅकेज घे. फॉर्म्युला आरमधल्याच एलएमई४ (lme4) पॅकेजसारखाच लिहायचा, आतून काम स्टॅन हे बेजियन सॉफ्टवेअर करतं. विंडोजवर आधी आरटूल्स (Rtools, कोड कंपाइल करायची साधनं) टाक, नाहीतर मॉडेल कंपाइलच होणार नाही. कंपाइलची वाट बघायची नसेल तर आरस्टॅनआर्म (rstanarm) हे पॅकेज आहे. त्यातली मॉडेलं आधीच कंपाइल केलेली असतात. पायथॉनवाला असशील तर त्यातलं तसंच पॅकेज बॅम्बी. जॅग्ज (JAGS) या जुन्या बेजियन सॉफ्टवेअरनं सुरुवात करू नकोस, हे माझं ठाम मत.

खरी गोम प्रायरमध्ये, म्हणजे डेटा बघण्याआधी मॉडेलला दिलेल्या अंदाजात आहे. तालुके मोजकेच असले की त्यांच्यातल्या फरकाचं प्रमाण विचलन डेटा नीट सांगत नाही, तिथे प्रायरच बोलतो. ब्रम्स आपणहून स्टुडंट-टी वितरणाचा प्रायर लावतं. तो तसाच न स्वीकारता शंभरपैकी गुणांत तालुक्यांचा फरक किती असू शकेल याचा विचार करून स्वतः लिही.

डायव्हर्जंट ट्रान्झिशन्सची (स्टॅनचं सॅम्पलिंग काही ठिकाणी बिघडल्याची) सूचना आली तर अडॅप्ट डेल्टा ही सेटिंग ०.८ वरून ०.९५ कर. तरीही गेली नाही तर प्रायर आवळ. आर-हॅट (सॅम्पलिंगच्या वेगवेगळ्या साखळ्या एकाच उत्तरावर आल्या का ते सांगणारा आकडा) १.०१ च्या वर आहे तोवर निकाल गाइडला दाखवू नकोस.