बांधाचा दावा मध्यस्थीकडे गेला आहे

प्रश्न : भोगावतीकाठी आमची वडिलोपार्जित ऊसशेती असून वडिलांच्या हयातीतच आम्हा दोघा भावांत तोंडी वाटणी झाली. थोरल्या भावाने बांध कोरल्यामुळे मी दिवाणी दावा लावला. तंटामुक्त समितीने मिटवले होते, ते टिकले नाही. यंदा त्याने माझ्या उसाची ट्रॉलीही त्याच्या रानातून जाऊ दिली नाही. विहिरीवरची मोटर मात्र सामाईक आहे. बहीण इचलकरंजीला असते, तिचे काही मागणे नाही. आता न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले आहे. तिथे मी नमते घेतले, तर पुढे ते माझ्यावरच उलटेल का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : उलटणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली होणाऱ्या या मध्यस्थीत मध्यस्थ निकाल देत नाही, तिथले बोलणे गोपनीय राहते, आणि जमले नाही तर दावा होता तिथूनच पुढे चालतो. समितीतल्या तडजोडीमागे बहुधा गावाची भीड तेवढी असते. इथे मात्र दोघांच्या सह्यांच्या तडजोडीवर न्यायालय हुकूमनामा करते, आणि कोणी तो मोडला तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, दाखल करता येते.

तुमचे पत्र वाचून वाटते की भांडण बांधापेक्षा ट्रॉलीच्या वाटेचे आणि पाण्याच्या पाळीचे अधिक आहे. न्यायाधीश दाव्यात मागितले तेवढ्यावरच निकाल देतील, म्हणजे बांध जिंकूनही तोडीच्या वेळी ऊस रानातच अडकून पडायचा. तडजोडीत मात्र दाव्याबाहेरचे विषयही घेता येतात. म्हणून वाट किती फुटांची, मोटर कोणी कोणत्या दिवशी चालवायची, वीजबिल कोणी किती भरायचे, हे सारे लिहून घ्या. दाव्यात नसलेल्या जमिनीचा हक्क बदलत असेल, तर नोंदणीबद्दल वकिलांना आधीच विचारा. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाली नसेल, तर पहिल्या बैठकीतच दोघांच्या खर्चाने ती करण्याचे ठरवावे. हद्दच माहीत नसताना नमते घ्यायचे तरी कुठवर?

एक गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नुसत्या तोंडी वाटणीवर तो सहसा नाकारता येत नाही. ‘काही मागणे नाही’ हे तुमचे म्हणणे झाले, तिचे नव्हे. आणि तिच्या सहीशिवाय केलेली तडजोड तिला बांधील ठरत नाही. पुढच्या तारखेआधी तिला बोलावून घ्या, आणि बोलावल्याचे थोरल्या भावाच्याही कानावर घाला.