गुडघा तुलाच वाकवायचाय

बाळा,

तुझा मेसेज वाचला. मोडलेल्या मांडीच्या हाडात ऑपरेशन करून रॉड बसवलाय, आणि आता जो तो वेगळंच सांगतोय. फिजिओथेरपिस्ट म्हणतात गुडघा वाकव, आत्या म्हणते हाड जुळेपर्यंत हलू नकोस, आणि कोथरूडचे कोणी काका पाय चोळून देणाऱ्याचा नंबर देतात. या गोंधळात तू दिवसभर पडून आहेस, ते मला अजिबात पटलेलं नाही.

चोळणाऱ्याला घरात घेऊ नकोस. अशा ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर कोणालाही विचारत बसू नकोस. तडक हॉस्पिटल गाठ.

आता गुडघा. पूर्वी मांडीचं हाड मोडलं की पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर ठेवत. हाड जुळायचं, पण गुडघा आखडून बसायचा. १९३९ साली जर्मनीत गेरहार्ड क्युंचर यांनी हाडाच्या पोकळीतच लांब खिळा घातला आणि माणसाला लवकर अंथरुणातून उठवता येऊ लागलं. तुझ्या मांडीतला रॉड त्याच वंशातला. तो हाड धरून ठेवेल. गुडघा तुलाच वाकवायचाय.

पायावर वजन किती द्यायचं, ते सर्जन एक्स-रे बघून सांगतील. तिथे स्वतःचं डोकं चालवू नकोस. पण वाकवायला त्यांनी परवानगी दिली आहे ना? मग थांबलायस कशासाठी? खुर्चीवर नीट बसायला नव्वद अंशांच्या आसपास लागतात, मांडी घालायला त्याहून कितीतरी जास्त. आणि गुडघ्याखालची ती उशी आधी काढ. तिने बरं वाटतं, पण गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. उशी टाचेखाली घे, मांडी आवळून गुडघा खाली दाब, पाच मोज, सोड. दिवसातून पुन्हा पुन्हा.

दुखतं, मला ठाऊक आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मी दातांत पदर धरून हेच केलंय. दादाला ते बघवायचं नाही. "मोडून घेशील पुन्हा," म्हणायचा. मी ऐकलं नाही. त्याने बोलणं टाकलं आणि तो गेला तोवर आमच्यात धड संवाद झाला नाही. त्याची खंत मला रोज आहे. व्यायाम केल्याची मात्र नाही, कधीच नव्हती. आखडलेला पाय घेऊन मी त्याच्यासमोर वावरले असते, तर ते त्याला बघवलं असतं का? मी आजही पर्वती चढते. दादाने ते बघायला हवं होतं.

म्हणून सांगते, आत्याची माया खरी आहे, पण गुडघा तुलाच वाकवायचाय. वेदनाशामक गोळी व्यायामाआधी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचार. जखमेतून पाणी आलं किंवा एकाएकी कळ उठली, तर मात्र थांब आणि त्यांना दाखव. सिगारेट आजच बंद. तिने हाड जुळायला उशीर होतो. रॉड पुढे काढायचा की नाही, याचा विचार आत्ता नको.

उद्या फिजिओथेरपिस्टकडून कोन मोजून घे आणि आकडा मला कळव. शनिवारी येते. आत्याशी मी बोलेन.

तुझ्या बाई