पोहण्याच्या २०० आणि ४०० मीटर शर्यतींसाठी टेक सूट (शर्यतीत घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख) कसा निवडावा?

स्प्रिंटरचा सर्वांत कडक सूट डोळे झाकून घेऊ नका. घट्ट विणलेलं, कमी ताणलं जाणारं कापड ५० मीटरला छान आवळून धरतं. पण ४०० मध्ये तेच मांड्या लवकर जड करतं आणि किक आखडते. मध्यम पल्ल्याला मध्यम दाबाचा, कंबरेच्या सांध्यात मोकळा, मांडीच्या मागच्या बाजूला आधार देणारा सूट बरा. मुलींनी खांद्याचे पट्टे नीट तपासावेत: हात पूर्ण वर ताणून खोल श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर शेवटच्या १०० मीटरमध्ये दम कोंडतो.

माप उंचीवरून नाही, कंबर आणि नितंबांवरून घ्या. मांडीच्या कडेतून पाणी आत शिरत असेल तर सूट सैल आहे. पायाला मुंग्या येत असतील तर फारच घट्ट.

अंग पूर्ण कोरडं करून, नखं न लावता, बोटांच्या पेरांनी थोडा थोडा वर सरकवा. पहिल्यांदा २० मिनिटं सहज लागतात. कंबरेची पट्टी धरून ओढलं की शिवण उसवते.

वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचा (जलक्रीडांची जागतिक संघटना) मान्यताशिक्का बघाच. वॉर्मअप जुन्या सूटमध्ये करा, कारण पाणी झटकणारा थर वापराने उतरतो.