उडीनंतर घोडा वळत नाही, तर कोणतं बिट?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. रेसवरून आणलेला थरोब्रेड जातीचा घोडा, मीटरभर उडी सहज मारतो, पण उतरला की जोर धरतो अन् पुढच्या उडीकडं उजवीकडं वळवायला गेलं की डावीकडंच निघून जातो. सध्या तोंडात बिट, म्हणजे लगामाचं कडियाळं, एका जोडाचं लूज रिंग स्नॅफल (मोकळ्या फिरत्या कड्यांचं साधं बिट) आहे अन् लोक तुम्हाला तीन कडीवालं गॅग नावाचं बिट घ्या म्हणायलेत. माझं स्पष्ट मत, वळणासाठी गॅग अजिबात घेऊ नका.

थांबवायचं बिट वेगळं अन् वळवायचं वेगळं. गॅगच्या खालच्या कडीत रेन, म्हणजे हातात धरायची लगामाची वादी, लावली की बिट तोंडात फिरून वर सरकतं अन् कानामागं पट्ट्याचा दाब पडतो. दोन्ही हात सारखे असले तर घोडा त्यानं हळू होईल, पण एकाच बाजूनं ओढलं की बिट तोंडात तिरकं होतं, घोड्याला नेमकं काय मागितलंय ते कळत नाही, मग तो मान तरी वर फेकतो नाहीतर जबडा उघडून तसाच पळत राहतो. अन् काटेरी लगामाचं तर नावच काढू नका. माळेगावच्या यात्रेला गेलं की कुणी ना कुणी तो सल्ला देतंच, पण १९६५ च्या केंद्राच्या नियमांतच स्वारीच्या जनावराला काटे किंवा टोकं असलेलं कडियाळं लावायला बंदी आहे. अन् कायदा बाजूला ठेवला तरी जीभ फाटलेला घोडा उडीच्या वेळी हाताला भिऊन मान वरच ठेवणार, मग तो वळणार कसा?

मी तुमच्या जागी असतो तर दोन जोडांचं फुल चीक बिट घेतलं असतं, मधी चपटा नाहीतर गोल मणी असलेलं. ह्याला दोन्ही बाजूंनी उभ्या दांड्या असतात. उजवी रेन ओढली की डावी दांडी डाव्या गालावर बाहेरून दाबते, म्हणजे घोड्याला इकडून ओढ अन् तिकडून ढकल असं दोन्ही मिळतं, अन् कडी तोंडात ओढली जात नाही. दोन जोडांमुळं जिभेवर चिमटा कमी बसतो. वरची दांडी कीपरनं, म्हणजे चामड्याच्या छोट्या फासानं, गालावरच्या पट्ट्याला बांधायची, अन् हे बिट घालून घोडा कुठं बांधून ठेवायचा नाही, दांडी अडकली की तोंड फाटतं.

पण बिट मागवायच्या आधी दात बघून घ्या, हे मी मुद्दाम सांगायलोय. वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं धार येते, अन् फुल चीक गाल नेमका त्या धारेवरच दाबतं. एकाच बाजूला वळत नाही म्हटलं की माझा पहिला संशय दातावरच जातो, दाढेच्या पुढचा छोटा वुल्फ टूथ असला तरी असंच होतं. परभणी अन् उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा, नाहीतर दात घासणारा चांगला डॉक्टर शोधा.

माप घ्यायला दोरी तोंडातून घालून दोन्ही ओठांच्या कोपऱ्याशी खूण करा. थरोब्रेडला बहुतेक पाच इंच किंवा थोडं वरचं लागतं. फुल चीक जरा लागूनच बसायला पाहिजे, दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा पुरे. मोठं घेतलं तर ते तोंडात इकडंतिकडं सरकतं अन् वळण अजूनच बिघडतं.

आता खरी गोम. तुम्ही उजवी रेन जोरात ओढत असाल, तर घोड्याची मान उजवीकडं वाकते, नाक तुमच्या गुडघ्याजवळ येतं, अन् तरी तो डाव्या खांद्यावरून डावीकडंच चाललेला असतो. बिट बदलून हे जात नाही. डावी रेन मानेला टेकवून धरा, डावा पाय खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ लावा, मग उजवा हात जरा बाहेर उघडा, मागं ओढू नका. रेसच्या घोड्याला दोन्ही रेन ताणून धरल्या की तोंडावर भार देऊन पळायची सवय असते, म्हणून सतत खेचून धरलं तर तो अजून जोर करणार, धरा अन् सोडा, धरा अन् सोडा. उडी लावायच्या आधी जमिनीवर नुसता पोल (लाकडी दांडा) टाकून कँटरमधी, म्हणजे हळू दौडीत, त्याच्यावरून जा अन् लगेच गोल वळा, डावीकडं अन् उजवीकडं दोन्ही. ते नीट झालं की छोटी उडी, उतरल्यावर सरळ जाऊन थांबायचं, पुढच्या वेळी वळायचं, म्हणजे घोडा आपल्या मनानं दिशा ठरवत नाही. हवेत असतानाच नजर पुढच्या उडीवर पाहिजे, खाली बघत उतरलं की तुमचं वजन एका रिकिबीवर जातं अन् घोडा तिकडंच ओढला जातो.

एवढं करूनही ब्रेक कमी पडला, तर पेल्हम, म्हणजे वर-खाली दोन रेन लावता येणारं कडक बिट, लावा, पण दोन रेन लावून, वरची वळायला अन् खालची फक्त गरजेपुरती. दोन्ही कड्यांना जोडपट्टी लावून एकच रेन धरली की परत सगळं गोंधळतं.

बिट स्टेनलेस स्टीलचं घ्या. कानपूरचा माल पुष्कळ येतो, पण हातात आल्यावर प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवा. जोडाशी कुठं खरखर लागली किंवा कड टोचली तर तसंच परत पाठवा.