साथीच्या काळात सरकार नागरिकांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घालू शकते का?

होय, घालू शकते. मात्र ती बंधने कायद्याने घातलेली, आवश्यक आणि धोक्याच्या प्रमाणात असावी लागतात. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम १२ मध्येच सार्वजनिक आरोग्याचा अपवाद नमूद आहे, आणि अशा अपवादांचा अर्थ लावणाऱ्या १९८४ च्या सिराकुसा तत्त्वांनुसार, तोच उद्देश कमी जाचक उपायाने साधत असेल तर अधिक कठोर उपाय समर्थनीय ठरत नाही. (प्रत्यक्षात वाद होतो तो बहुधा याच कसोटीवर.) तथापि प्रत्येक हक्क असा मर्यादित करता येत नाही: स्वेच्छेने दिलेल्या संमतीविना वैद्यकीय प्रयोग करण्यास याच कराराचे कलम ७ मनाई करते, आणि ती मनाई आणीबाणीतही उठवता येत नाही.