कोर्चाक यांचं दप्तर

चि., अनेक आशीर्वाद.

बालगृहात परिवीक्षा अधिकारी म्हणून रुजू झालीस, बरं वाटलं. पत्रात सगळं पोलंडमधले डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्याबद्दल लिहिलं आहेस. ऑगस्ट १९४२, वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून निघालेली दोनशेच्या आसपास ज्यू अनाथ मुलं, त्यांच्याबरोबर चालणारे साठी ओलांडलेले डॉक्टर, स्वतःला वाचवायची संधी असूनही न थांबलेले, आणि पुढे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणारी गाडी. ‘असं झोकून देता आलं पाहिजे,’ असं म्हणतेस. त्या दिवसापुढे मीही हात जोडते. पण तुझ्या नोकरीत तुला तो दिवस फारसा कामाला येणार नाही. त्याआधीची तीस वर्षं येतील.

मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. मुलांच्या रुग्णालयात काही वर्षं डॉक्टरकी केली, लेखक म्हणून नाव झालं, आणि १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या ९२ नंबरच्या इमारतीत शंभरेक मुलांचं घर त्यांनी हाती घेतलं. तिथेही ते डॉक्टरच राहिले. दर आठवड्याला प्रत्येक मुलाचं वजन घ्यायचं, उंची मोजायची, लिहून ठेवायचं. हे वाचायला कंटाळवाणं वाटतं ना? पण वजनकाट्यावर उभं राहिलेलं मूल डॉक्टरांच्या वाट्याला दर आठवड्याला एकटं, समोरासमोर येई. आपल्याकडे वजनाचा रकाना तपासणीच्या आदल्या रात्री एका हाती, एकाच पेनाने भरलेला मी पाहिला आहे. तुझ्या सहीखाली तसं होऊ देऊ नकोस.

आता त्या घरात मुलांच्या तक्रारींसाठी चालणाऱ्या त्यांच्या न्यायालयाबद्दल. त्यावर भाषणं फार होतात, कामकाज कुणी बघत नाही. न्यायाधीश पाच, सगळी मुलंच. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. मोठं माणूस फक्त चिटणीस, त्याला मत नाही. कलमं १ ते १००० अशी, मध्ये भरपूर आकडे रिकामे. पहिली नव्याण्णव सगळी सोडून देण्याची: पहिल्यांदाच केलं म्हणून, माहीत नव्हतं म्हणून, पुन्हा करणार नाही म्हणून. शंभरावं कलम प्रथमच म्हणतं की आरोप खरा आहे. पाचशेला नाव घरच्या वर्तमानपत्रात, सहाशेला फलकावर, नऊशेला ‘आम्ही आशा सोडली’, आणि तेव्हाही कुणी त्या मुलाची हमी घेतली तर ते राहू शकतं. हजाराला घर सोडावं लागतं. मारणं, उपाशी ठेवणं, कोंडणं यासाठी कलमच नाही.

हे सुरळीत चाललं असं समजू नकोस. मुलं क्षुल्लक कारणांनी खटले भरत, न्यायालयाची टर उडवत. एकदा ते काही आठवडे बंदच ठेवावं लागलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा मोठ्यांवर खटला भरायचा हक्कही मुलांना मिळाला. स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मला विचारशील तर त्यांच्या साऱ्या आयुष्यात याहून धाडसी असं मला दुसरं दिसत नाही. घेट्टोचा शेवटचा दिवस धरूनही. यावर माझ्याशी भांडायला तू मोकळी आहेस.

‘डाकघर’ची गोष्ट तुला ठाऊक असेलच. रवींद्रनाथांचं हे नाटक त्या घरातल्या मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी घेट्टोत केलं. खोलीबाहेर जायची मनाई असलेला आजारी अमल, आणि राजाच्या पत्राची वाट. चारच दिवसांनी घेट्टोतून माणसं न्यायला सुरुवात झाली. ते नाटक का निवडलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला त्यात दिसतं एवढंच, की मरणाचा विषय मुलांपासून दडवून ठेवायची गरज त्या घराला वाटली नाही.

तुझ्याकडे याचं रोजचं रूप येईल. एखादा सात वर्षांचा मुलगा ओढणी धरून विचारेल, ‘आई कधी येणार?’ आणि शेजारचं कुणी सवयीने सांगेल, ‘रविवारी हं.’ रविवारी तो अंघोळ करून, केसांना तेल लावून फाटकाशी बसतो. जेवायला बोलावलं तरी उठत नाही. आई येणार हे माहीत नसेल तर वार सांगू नकोस. ‘मला माहीत नाही, पण शोध घेतेय’ एवढं सांग, आणि खरंच शोध घे.

आणखी एक. ते घर कोर्चाक यांच्या नावावर ओळखलं जातं, पण चालवलं स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी. डॉक्टर पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर होते तेव्हाही घर त्यांच्याच जिवावर उभं होतं. १९३९ साली पॅलेस्टाईनमधल्या किबुट्झमधून, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतीच्या वसाहतीतून, त्या वॉर्साला परतल्या, आणि त्या ऑगस्टमध्ये त्याही मुलांबरोबर चालत गेल्या. तुझ्या संस्थेतही अशी कुणी असेल, बहुतेक स्वयंपाकघरात किंवा भांडारात. ती कोण ते पहिल्या आठवड्यातच हेर. कोणतं मूल रात्री ओरडून उठतं ते तुझ्या फायलीपेक्षा तिला जास्त माहीत असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा प्रस्ताव १९७८ साली पोलंडनेच मांडला, १९८९ मध्ये ती मंजूर झाली, १९९२ मध्ये आपण स्वीकारली. आपल्या बालगृहांच्या नियमांत मुलांची बालसमिती आहे, सूचनापेटीही आहे. कोर्चाक यांच्या घरात चिठ्ठ्यांची पेटी होती, आणि तिच्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या जात.

पुढच्या पत्रात मुलांची नावं लिहू नकोस. तुमच्या सूचनापेटीची किल्ली कुणाकडे असते आणि ती शेवटची कधी उघडली, तेवढं कळव.