विधी शिक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून या वर्षी मी सीईटी देऊन पुण्यात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. करार कायद्याच्या तासाला दर आठवड्याला तीन-चार निकालपत्रे वाचून यायला सांगतात. एका निकालपत्रात माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि तरीही वर्गात विचारले की नेमके सांगता येत नाही. वसतिगृहातल्या सीनियर म्हणतात, गाइडमधला दोन ओळींचा सारांश पाठ कर, पेपर निघतो. त्यांचे ऐकावे का?
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव परंडा

उत्तर : गाइडवर पेपर निघतो, यात तुमच्या सीनियर खोटे काही सांगत नाहीत. पण त्या दोन ओळींत नेमके काय गळून पडते, हे तुमच्याच अभ्यासक्रमातील एका निकालावरून पाहू.

लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 1913 सालचा निकाल पहिल्या सत्रात सर्वत्र शिकवला जातो. कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला, तेव्हा त्याच्या शोधासाठी घरची माणसे ठिकठिकाणी पाठवण्यात आली आणि लालमन हा नोकर हरिद्वारकडे रवाना झाला. तो गेल्यानंतर गौरी दत्त यांनी मुलाला शोधून देणाऱ्यास 501 रुपयांचे बक्षीस जाहीर करणारी पत्रके काढली. लालमनला मुलगा ऋषिकेशला सापडला. पुढे नोकरी सुटल्यावर त्याने बक्षिसाच्या रकमेसाठी दावा लावला आणि भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 8 चा आधार घेतला. प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे म्हणजे प्रस्ताव स्वीकारणे, असे ते कलम सांगते. न्यायालयाने त्याची मागणी मान्य केली नाही.

गाइड येथे एवढेच लिहिते, की प्रस्तावाची माहिती नसताना स्वीकृती होऊ शकत नाही. हे बरोबरच आहे. पण निकालपत्रात आणखी एक मुद्दा आहे. मुलाला शोधण्याचे काम लालमनने कानपूर सोडण्यापूर्वीच अंगावर घेतलेले होते, आणि जे काम करण्यास तो आधीपासून बांधील होता तेच केल्याबद्दल त्याला नव्या कराराचा हक्क सांगता येत नव्हता. आता परीक्षेत प्रश्न असा आला, की नोकराऐवजी शेजाऱ्याला मुलगा सापडला आणि बक्षिसाची त्याला गंधवार्ता नव्हती, तर काय? किंवा नोकराने पत्रक वाचले होते आणि मगच तो शोधायला निघाला, तर? पहिल्या उदाहरणात पहिला मुद्दा लागू पडतो आणि दुसरा पडत नाही. दुसऱ्या उदाहरणात पहिला मुद्दा गळतो आणि नोकर म्हणून तो कशास बांधील होता, हे शोधावे लागते. गाइडवाला विद्यार्थी दोन्हीकडे तीच ओळ लिहितो आणि निम्मे गुण घालवतो. (सारांशाच्या वह्या एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांतल्या चुकाही, तपासणाऱ्याला त्या लगेच ओळखू येतात.)

आता वेळेविषयी. निकालपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारख्याच बारकाईने वाचायचे असते, ही समजूत सोडा. आधी बेअर ॲक्ट (टीका-टिप्पणीविना कायद्याचा मूळ मजकूर) उघडून संबंधित कलम दोनदा वाचा. मग निकालपत्रात केवळ एवढेच शोधा : कोणी कोणाकडे काय मागितले, खालच्या न्यायालयाने काय ठरवले आणि वाद नेमका कोणत्या मुद्द्यावर उरला. हे सात-आठ ओळींत स्वतःच्या मराठीत लिहून काढल्याशिवाय कारणमीमांसेकडे जाऊ नका. कारणमीमांसा वाचताना प्रत्येक मुद्द्यापाशी स्वतःला विचारा, की हा मुद्दा काढून टाकला तर निकाल बदलेल का? बदलणार असेल तर तो निकालाचा आधार आहे. नसेल तर ते न्यायाधीशांनी जाता जाता व्यक्त केलेले मत आहे. शिक्षक वर्गात तुम्हाला उभे करून खोदून विचारतात, ते बहुतेक वेळा हेच.

इंग्रजीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातील लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाच्या) काळातली अर्धे पान व्यापणारी वाक्ये इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकीच जड जातात, फक्त ती तसे कबूल करत नाहीत. निकालपत्रांत पुन्हा पुन्हा येणारा शब्दसाठा मर्यादित असतो आणि वही ठेवली तर दोन सत्रांत तो हाताखाली येतो. मराठीत टिपणे काढण्यात कमीपणा मुळीच नाही, कारण महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीत चालते, म्हणून उत्तरे मात्र पहिल्या वर्षापासून इंग्रजीतच लिहिण्याचा सराव ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांकडे इंटर्नशिप करावी असे तिला वाटते. तिचे मित्र म्हणतात, मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्मशिवाय सीव्हीत लिहिण्याजोगे काही होत नाही. आम्हा पालकांना यातले काही कळत नाही.
— एक पालक, जिल्हा जळगाव

उत्तर : मुलीचा विचार उत्तम आहे, महिना मात्र चुकला आहे. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. फौजदारीकडे रिमांड आणि जामीन तेवढे चालतील, पण दिवाणी कामकाज तिला पाहायला मिळणार नाही. डिसेंबरची सुट्टी गाठावी.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असून, ती एका वेळी सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. म्हणजे फर्म आणि तालुका कोर्ट या दोहोंनाही पुरेशी जागा आहे. फर्ममध्ये नोकरी हवी असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षी फर्मकडे जाणे गरजेचेच आहे, आणि त्याबाबत तिचे मित्र योग्य सांगतात. तिसऱ्या वर्षी मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता शिकत असताना दाव्याची खरी फाइल हाताळण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

तिने वकीलसाहेबांकडे एकच फाइल मागावी, शक्यतो जमिनीच्या वाटपाची. त्यात आधी दावा, मग सातबारा व फेरफाराचे उतारे, मग तूर्तातूर्त, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या, मनाईचा अर्ज (कोर्टात सारे त्याला ‘निशाणी 5’ म्हणतात), प्रतिवादीची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, न्यायालयाने काढलेले वादाचे मुद्दे आणि शेवटी सरतपासाचे (साक्षीदाराच्या मूळ साक्षीचे) शपथपत्र व उलटतपास असे कागद क्रमाने लागलेले असतील. रोजनामा, म्हणजे न्यायालयाने ठेवलेली तारखांची नोंद, वाचला की कोणत्या तारखेला काय झाले आणि बहुतेक तारखांना काहीच का झाले नाही, हेही कळते. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयात, वस्तुस्थिती छापील मिळते आणि वाद फक्त कायद्याचा उरतो. येथे वस्तुस्थितीच सिद्ध करावी लागते आणि पुष्कळदा दावा तिथेच जिंकला किंवा हरला जातो. राहिला सीव्हीचा प्रश्न, तर मुलाखतीत ती या फाइलबद्दल पाच मिनिटे नीट बोलू शकली तर मला तिची काळजी वाटणार नाही.

प्रश्न : भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर सीनियरकडून घेतलेली भारतीय दंड संहितेची पुस्तके रद्दीत घालावीत का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : घालू नका. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली असली तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो आणि ते खटले आणखी बरीच वर्षे चालतील. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 ऐवजी आता 103 आहे, फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले आहे. परंतु बऱ्याच व्याख्यांची शब्दरचना जवळपास तीच असल्यामुळे त्यांवरील जुने निकालही उपयोगी आहेत. परीक्षेसाठी नवा बेअर ॲक्ट घ्या आणि समासात जुना क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा.

प्रश्न : वकिलीच्या सनदेसाठी नेमकी किती फी भरावी लागते? पूर्वीच्या मुलांनी हजारो रुपये भरल्याचे ऐकतो.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 मध्ये खुल्या प्रवर्गासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये एवढीच फी ठरलेली असताना, राज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली बरीच मोठी रक्कम घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी ही जादा आकारणी बेकायदा ठरवली. मात्र निकाल पुढच्या काळासाठी लागू असल्याने आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मुद्रांक शुल्क वेगळे द्यावे लागते, आणि अखिल भारतीय बार परीक्षेची फी त्या परीक्षेच्या अर्जासोबत स्वतंत्रपणे भरायची असते. जास्त मागणी झाल्यास ती कोणत्या शीर्षाखाली आहे हे लेखी विचारा आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.